लिओनार्दोच्या वह्यांतले विज्ञान: त्यातले आज टिकते किती?

मूळ प्रश्न

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी लिओनार्दो दा विंचीवर (१४५२–१५१९) पानभर मजकूर लिहायचा आहे. हाती आलेल्या बहुतेक लेखांत हेलिकॉप्टर, रणगाडा, हवाई छत्री अशी ठरावीक यादी आहे आणि एका लेखात तर रक्ताभिसरणाचा शोधही त्याच्याच नावावर टाकला आहे. कागदावर यंत्राचे चित्र काढणे म्हणजे शोध लावणे नव्हे, एवढे मला कळते. निरीक्षण आणि प्रयोग यांच्या बळावर त्याने खरोखर काय शोधले, त्यातले आज काय टिकते, आणि रक्ताभिसरणाच्या दाव्यात कितपत तथ्य आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

सर, रक्ताभिसरणाचे वाक्य आधी खोडा. तो शोध विल्यम हार्वेचा आणि त्याचे पुस्तक १६२८ सालचे. रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयाकडेच येते, हे लिओनार्दोला कधीच उमगले नाही. हृदयाच्या उजव्या आणि डाव्या भागांमधल्या पडद्यात सूक्ष्म छिद्रे असतात, असे प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनने लिओनार्दोच्या जवळजवळ तेराशे वर्षे आधी लिहून ठेवले होते; ती छिद्रे अस्तित्वातच नाहीत, तरी लिओनार्दोने ती आपल्या आकृतीत दाखवली. डोळ्यांवर इतका विश्वास असलेल्या माणसाच्या हातून हे व्हावे, याचे मला आजही नवल वाटते.

मी हृदयरोगांवर उपचार करणारा डॉक्टर आहे, त्यामुळे माझे मत थोडे एकांगी असेल. पण त्याचे सर्वांत भक्कम काम हृदयाच्या झडपेवरचे आहे. १५१३ च्या सुमारास तो बैलांची हृदये कापून पाहत होता. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीच्या, तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते आणि प्रत्येक पाकळीच्या मागे धमनीची भिंत किंचित फुगलेली असते. हा फुगवटा कशासाठी, असा प्रश्न त्याला पडला. नदीचे पाणी रुंद पात्रात शिरताना काठाशी भोवरे कसे धरते, हे त्याने वर्षानुवर्षे पाहिले होते, आणि तेच इथे घडत असावे, असा त्याने तर्क केला. मग धमनीच्या त्या भागाचे काचेचे प्रतिरूप करून, पाण्यात गवताचे बी सोडून प्रवाह डोळ्यांनी पाहण्याची युक्ती त्याने वहीत नोंदवली. त्याचा निष्कर्ष असा, की रक्त जोराने बाहेर पडताना फुगवट्यांत भोवरे तयार होतात आणि तेच पाकळ्या उलगडून झडप मिटवू लागतात. म्हणजे झडप केवळ मागे परतणाऱ्या रक्ताच्या धक्क्याने बंद होत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळेतल्या प्रतिरूपांवर आणि पुढे एमआरआयने हे भोवरे प्रत्यक्ष पाहिले गेले. त्या फुगवट्यांना मात्र आज व्हालसाल्व्हा या इटालियन शरीररचनातज्ज्ञाचे नाव आहे आणि तो लिओनार्दोनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी होऊन गेला.

आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओवा रुग्णालयात एका वृद्धाने त्याला सांगितले, की माझी शंभरी उलटली आहे आणि अशक्तपणाखेरीज मला काहीही त्रास नाही. काही तासांनी तो खाटेवर बसल्या बसल्याच गेला. इतके शांत मरण कशाने आले, हे पाहण्यासाठी लिओनार्दोने त्याचे शवविच्छेदन केले, तेव्हा हृदयाला रक्त पुरवणारी धमनी त्याला सुकलेली आणि आकसलेली आढळली. दोन वर्षांच्या एका बालकाच्या शरीरात त्याला याच्या नेमके उलटे दिसले होते. धमनीकाठिण्याचे, म्हणजे धमन्या कडक आणि अरुंद होण्याचे, इतके स्पष्ट वर्णन त्याच्या आधी कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

प्रतिसाद २

माझा विषय भूशास्त्र, म्हणून डोंगरांतल्या शिंपल्यांची भर घालतो. उत्तर इटलीच्या डोंगरांत समुद्री शिंपले सापडत आणि ते बायबलमधल्या महापुराने वाहून आणले, असे तेव्हा अनेक जण मानत. लिओनार्दोने सरळ हिशेब मांडला. शिंपल्यातला हा जीव आपल्याकडच्या ‘तिसऱ्या’ या खाण्याच्या शिंपल्यांसारखा वाळूत चर पाडत दिवसाला तीन-चार हात सरकतो. मग इटलीच्या पूर्वेकडच्या एड्रियाटिक समुद्रापासून वायव्येकडच्या माँफेर्रातो या डोंगराळ भागापर्यंतचे अडीचशे मैल तो पुराच्या चाळीस दिवसांत कसा कापेल? लिओनार्दोच्या काळचे ‘हात’ हे माप साधारण ६० सेंटिमीटरचे धरले, तर चाळीस दिवसांत शंभर मीटरसुद्धा होत नाहीत. लाटांनी वाहून नेले म्हणावे, तर मेलेल्या जीवांची शिंपले विखुरलेली दिसायला हवीत. प्रत्यक्षात दोन्ही शिंपा जोडलेल्या आणि लहानमोठी शिंपले एकत्र आढळतात. शिवाय ती एकावर एक अशा अनेक थरांत आहेत आणि एका पुराने इतके थर पडत नाहीत. डोंगर वर का उचलले गेले, याचे त्याचे स्पष्टीकरण मात्र आज कोणी स्वीकारणार नाही.

प्रतिसाद ३

वरील माहिती उत्तम आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. यातले काहीच त्याने प्रसिद्ध केले नाही. त्याच्या मृत्यूनंतर वह्या फ्रांचेस्को मेल्झी या शिष्याकडे गेल्या, मेल्झीच्या पश्चात त्या विखुरल्या आणि शरीररचनेची पाने इंग्लंडच्या राजसंग्रहात पडून राहिली. वेसालियसने १५४३ मध्ये शरीररचनेचा ग्रंथ छापला, म्हणून पुढच्यांना त्यावर उभे राहता आले. घर्षणाचेही तसेच. घर्षण वजनाच्या प्रमाणात असते आणि टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे लिओनार्दोने नोंदवले होते. तरी आमाँताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते १६९९ मध्ये नव्याने शोधावे लागले. तेव्हा ‘विज्ञानाला दिशा दिली’ असे वाक्य भित्तिपत्रकात नसावे, अशी विनंती.

मूळ प्रश्नकर्ता

तिघांचे मनापासून आभार. आक्षेप मान्य आहे. ते वाक्य माझ्या कच्च्या मसुद्यात होते, ते काढले. हेलिकॉप्टरही गाळतो. घर्षणाचा प्रयोग अकरावीच्या प्रात्यक्षिकात आहेच, त्यामुळे ती चौकट आमाँताँच्या सालासह मुलांकडूनच लिहून घेतो. डॉक्टरसाहेब, मधे फुगवटा असलेली काचेची नळी आमच्या प्रयोगशाळेत आहे. पाण्यात सब्जा सोडून भोवरे दाखवता येतील का?

प्रतिसाद १

सब्जा नको, सर, तो पाण्यात फुगून चिकट होतो. रात्रभर भिजवलेला राजगिरा घेऊन पाहा, नळीमागे काळा कागद लावा आणि पाणी एकसारखे न सोडता हृदयाच्या ठोक्यासारखे थांबवत थांबवत सोडा.