मदत हवी आहे: एकाच मातीचे दोन अहवाल, पालाशचे दोन आकडे

नमस्कार मंडळी,

केळीची बाग आहे, ठिबकवर. एकाच वेळी काढलेली माती निम्मी-निम्मी करून दोन ठिकाणी तपासायला दिली. एका अहवालात उपलब्ध पालाश (पोटॅश) हेक्टरी ४१२ किलो, दुसऱ्यात ३४८. खरं कुठलं धरू? शिफारस झाडाला २०० ग्रॅम पालाशची आहे, त्याला ०:०:६० खत (आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के) किती टाकायचं?

आणि बारावीतला मुलगा डोकं खातोय. म्हणे गोणीवर पोटॅशियम ऑक्साइड लिहिलंय, ते पाण्यात पडलं की कॉस्टिक पोटॅश होतं, मुळं भाजतील. असं असेल तर ठिबकमधून आपण सोडतो तरी काय?

उत्तर १
दादा, मुलाची केमिस्ट्री पक्की आहे, पण गोणीत ऑक्साइड नसतंच. ते हवेतला ओलावा ओढून हायड्रॉक्साइड होतं, गोणीत टिकेल कसं? पोटॅशियम हवेत जाळलं तरी मुख्यतः सुपरऑक्साइड मिळतं, साधं ऑक्साइड नाही. ०:०:६० म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, ०:०:५० म्हणजे सल्फेट, १३:०:४५ म्हणजे नायट्रेट. खनिजं आणि राख तपासताना घटक ऑक्साइडच्या रूपात मांडायची जुनी रीत होती, तीच खतांच्या गोणीवर राहिली. नुसता हिशोब आहे तो.

ऑक्साइडमध्ये पोटॅशियम ८३ टक्के. म्हणून 'के'च्या, म्हणजे नुसत्या पोटॅशियमच्या, आकड्याला १.२ ने गुणलं की 'के-टू-ओ', म्हणजे ऑक्साइडचा आकडा येतो. तुमचे ३४८ गुणिले १.२ म्हणजे ४१८. ४१२च्या जवळच की! दुसऱ्या अहवालात एकक नीट बघा.

शिफारशीतला पालाश 'के-टू-ओ'मध्येच असतो. २०० भागिले ०.६, म्हणजे झाडाला साधारण ३३३ ग्रॅम ०:०:६०, तेही हंगामभर विभागून. 'के' समजून काढलंत तर ४०० ग्रॅम होईल, फुकटचा खर्च.

धागाकर्ता
बघितलं. दुसऱ्यात खाली बारीक अक्षरात 'के' आहे, पहिल्यात 'के-टू-ओ'. दोन्ही बरोबर निघाले म्हणायचे! आता थोडं ०:०:५० पण द्यायचा विचार आहे. कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीतच घातलं तर चालेल?

उत्तर २
अजिबात नको भाऊ. सल्फेट आणि कॅल्शियम दाट द्रावणात एकत्र आले की जिप्सम खाली बसतं आणि ड्रिपर चोंदतात. वेगळ्या दिवशी सोडा. ०:०:५० क्लोराइडपेक्षा बरंच कमी विरघळतं, म्हणून आधी बादलीत पूर्ण विरघळवून, गाळूनच टाकीत ओता.