मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टाकीत तळाला काय घालू?

गोड्या पाण्याची टाकी बरीच वर्षं सांभाळली, आता खाऱ्याच्या नादी लागलोय. टाकी ९० बाय ४५ सेंमी. दगड आणून ठेवलेत, पाणी अजून भरलेलं नाही. घोडं अडलंय ते वाळूपाशी.

साखरेच्या दाण्याएवढी बारीक अ‍ॅरागोनाइट वाळू (कोरलसारखीच चुनखडीची), कोरलचा जाड चुरा, की नुसती उघडी काच? जुन्या टाकीतली काळी रेतीही धुऊन ठेवली आहे, टाकवत नाही. तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले तर ढिम्म. कोरलच्या चुऱ्यावर टाकले तर सोड्यासारखा फसफसला. म्हणजे चुरा घातला की पीएच आपोआप ८.२ ला राहील, असं धरून चालू का?

मासे म्हणाल तर क्लाउनफिशची जोडी, वाळू चाळणारा एक गोबी आणि जमलंच तर पुढे एखादा रॅस. वेव्हमेकर (पाणी ढवळत ठेवणारा पंप) जरा दांडगा आहे.

प्रतिसाद १

पीएचचं डोक्यातून काढा. ८.२ च्या पाण्यात अ‍ॅरागोनाइट जवळजवळ विरघळतच नाही, मग आधार कसला देणार? अल्कलिनिटी (पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद) मोजत राहा, ते खरं काम.

गोबी घेणार म्हणताय तिथेच निकाल लागला. तो तोंडात वाळू भरतो आणि कल्ल्यांवाटे गाळतो, त्याला जाड चुरा कसा चालेल? शिवाय चुऱ्याच्या फटीत उरलेलं खाणं अडकून नायट्रेट वाढतं ते वेगळंच. काही रॅस तर रात्री वाळूत शिरूनच झोपतात, म्हणजे उघडी काचही बाद. पण अगदी साखरेसारखी घेतलीत तर तुमचा वेव्हमेकर दोन दिवसांत एक कोपरा काचेपर्यंत खरवडेल. १ मिमीच्या आसपासचा दाणा बघा.

थर ४ सेंमी पुरे. हिशेबाने १६ लिटर वाळू होते. एक लिटर भरून काट्यावर ठेवा आणि सोळाने गुणा.

आणि दगड आधी थेट काचेवर, वाळू नंतर! मी उलटं केलं होतं. गोबीने खालून पोखरलं आणि मध्यरात्री धाडकन आवाज. काच वाचली, पण मुख्य दगडाचे दोन तुकडे झाले.

प्रतिसाद २

काळ्या रेतीबद्दल: त्या टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं होतं का? घातलं असेल तर विसरा, कोळंबी नि गोगलगायी टिकणार नाहीत. नसेल तर एकदा चुंबक फिरवून बघा. काही काळ्या रेतींत लोहाचे कण असतात, ते पंपाच्या चुंबकाला चिकटून रोटर घासतात.

धागाकर्ता

औषधाचं आठवत नाही. पण फ्रिजवरचा चुंबक फिरवला, तर त्याला चक्क मिशा फुटल्या. रेती कुंड्यांत गेली. आता अ‍ॅरागोनाइट बादलीत धुतोय, सहावं पाणी अजून दुधासारखंच आहे. किती वेळा धुवायची असते ही?