म्होरकी कोंबडी एकाच तलंगेच्या मागे लागली आहे, आता रक्त निघालं

तुरेवाली
आमच्याकडे सात कोंबड्या आहेत, कोंबडा नाही. पाच जुन्या, दोन तलंगा (तरण्या कोंबड्या) नंतर आणलेल्या. जुन्यांतली तांबडी पहिल्यापासून म्होरकी. तिचा धाक असतो तो असू दे, त्याला माझी हरकत नाही. पण ठिपकी नावाच्या तलंगेच्या ती हात धुऊन मागे लागली आहे. खाद्य टाकलं की बाकीच्या खातात आणि ठिपकी जाळीला चिकटून उभी राहते. पाऊलभर पुढे आली की तांबडी मानेची पिसं फुलवून धावते, डोक्यावर टोचते, आणि ती पळाली तरी पाठलाग सोडत नाही. आता दुसऱ्या दोघीही तिच्यात सामील झाल्या आहेत.

काल ठिपकीला हातात घेतलं. शेपटीच्या बुडाशी अंगठ्याएवढी जागा उघडी पडली आहे, नव्या पिसांच्या काळपट निळसर नळ्या दिसतात, त्यांतल्या दोन तुटून रक्त सुकलेलं आहे. छातीचं हाड हाताला लागतं. बघवत नाही हो.

खुराडं आतून पाच बाय चार फूट, बाहेर जाळीचं अंगण आठ बाय सहा. रात्री बसायची दांडी एकच, चार फुटांची. खाद्याचं आणि पाण्याचं एकेकच भांडं. सगळे सांगतात, त्यांचं त्या मिटवतील. एकाने तर तांबडीच्या चोचीचं टोक कापायला सांगितलं, ते माझ्याच्याने होणार नाही. ठिपकीला वेगळं ठेवू का? की तांबडीला?

मातीचे हात
ताई, दोघींनाही. पण वेगवेगळ्या कारणांसाठी आणि वेगवेगळ्या जागी.

आधी ठिपकी. रक्त दिसलं की वाट बघण्यात अर्थ नाही. उघडी लाल जखम दिसली की जिचं तिच्याशी काही वाकडं नाही ती कोंबडीसुद्धा येऊन टोच मारते, तुमच्या त्या दोघी त्यामुळेच सामील झाल्या असाव्यात. आज अंधार पडायच्या आत तिला बाजूला घ्या. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवा. नव्या पिसाच्या नळीत रक्त खेळत असतं, ती पुन्हा तुटून वाहायला लागली तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. लाल रंगाचं औषध लावू नका, इतरांना ते रक्तच दिसतं.

तिला घरात मात्र नेऊ नका. अंगणातच जाळीचा पिंजरा करा, बाकीच्यांना ती दिसली पाहिजे पण चोच पोचता कामा नये. सोबतीला दुसरी तलंग द्या, दोघींचं पटतं तेवढं बघा. नजरेआड राहिलेली कोंबडी परत आली की कळप तिला परकी धरतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

तांबडीचं नेमकं उलट. तिला कळप दिसणार नाही अशा जागी ठेवा, तीन-चार दिवस ते आठवडा. खाद्य, पाणी, सावली सगळं व्यवस्थित द्या, ही शिक्षा नाही. म्होरकी दिसेनाशी झाली की उरलेल्या आपापला क्रम लावून घेतात आणि परतल्यावर तिला स्वतःची जागा शोधावी लागते. बऱ्याच वेळा एवढ्याने तिचा जोर ओसरतो.

नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्देरुप-एब्बे यांनी 1921 मध्ये कोंबड्यांमधली ही उतरंड अभ्यासून मांडली. उतरंड असण्यात वाईट काही नाही, उलट ती एकदा ठरली की मारामाऱ्या कमी होतात. वरचीने एक टोच मारली, खालची बाजूला झाली, विषय संपला, हे नेहमीचं. तुमची ठिपकी बाजूला होते आहे आणि तरीही मार खाते आहे. माझ्या दृष्टीने फरक तिथे आहे, आणि तिथे माणसाने मध्ये पडलंच पाहिजे.

आता जागा. आतमध्ये एका कोंबडीला साधारण 4 चौरस फूट आणि बाहेर 10 धरतात. तुमच्याकडे आत तीनसुद्धा येत नाहीत, बाहेर जेमतेम सात. दांडीवर प्रत्येकीला 8 ते 10 इंच लागतात, म्हणजे चार फुटांत पाच-सहा जणीच बसणार. सातवीला रोज रात्री कोणीतरी ढकलणार, आणि ती कोण असेल ते तुम्हाला माहीत आहे. दुसरी दांडी लगेच बसवा, पहिलीच्याच उंचीवर. एक उंच एक ठेंगणी ठेवली तर वरच्या जागेवरून भांडणं होतात.

भांडी किमान दुप्पट करा आणि अशी ठेवा की एका भांड्यापाशी उभं राहून दुसरं दिसू नये. तांबडी एका वेळी एकाच भांड्यावर पहारा देऊ शकते. अंगणात फळी किंवा ओंडका आडोशाला उभा करा, पण दोन्ही बाजूंनी वाट मोकळी ठेवा. कोपऱ्यात अडकलेली कोंबडीच सगळ्यात जास्त मार खाते.

चोचीबद्दल तुमचं बरोबर आहे. चोचीत नसा असतात, रक्तवाहिन्या असतात. कापण्याच्या नादी लागू नका.

पहाटआरव
वरचं सगळं पटलं. मला दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत. खाद्यात नुसतं धान्य किती मिसळता? अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात प्रथिनं साधारण 16 टक्के असतात, धान्य वाढवलं की तो आकडा खाली येतो. पिसं म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, त्यामुळे ते किंवा मीठ कमी पडलं की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खायला लागतात. उपटलेली पिसं खाली पडलेली दिसतात की गायब होतात, ते बघा.

तलंगा अंडी द्यायला लागल्या नसतील तर त्यांना अंड्यावरचं खाद्य नको, त्यात कॅल्शियम फार असतं. सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला हवा ती खाईल.

रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या भेगा तपासा. लाल माइट, म्हणजे गोचिडासारखे अगदी बारीक जीव, दिवसा तिथे लपतात, रात्री रक्त पितात, आणि त्रासलेला कळप चिडका होतो. आणि ठिपकी मुळात आजारी नाही ना? पहाटे, खायच्या आधी, गळ्याखालची खाद्याची पिशवी चाचपा. ती रिकामी लागायला हवी. तेव्हाही भरलेली लागली, किंवा विष्ठा पाण्यासारखी असली, तर पशुवैद्यांना दाखवा. कमजोर झालेल्या कोंबडीला कळप माणसाच्या आधी ओळखतो.

तुरेवाली
दोघांचे मनापासून आभार. ठिपकी आणि दुसरी तलंग पिंजऱ्यात आहेत, तांबडी मागच्या बाजूला. ठिपकीची पिशवी पहाटे रिकामी होती, विष्ठा ठीक आहे. भांड्याजवळ कोणी नाही म्हटल्यावर तिने मान वर न करता खाल्लं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

धान्य जवळजवळ निम्मं होतं, ते बंद केलं. गळालेली पिसं कधी दिसतच नव्हती, हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं. दांडी जिथे भिंतीत बसते त्या खाचेत राखाडी भुकटी आणि बारीक तांबडे ठिपके सापडले. बोटाने घासलं तर रक्ताची रेघ उमटली. म्हणजे माइट आहेतच.

आता आधी कोणाला सोडायचं? आणि रात्री दांडीवर गुपचूप बसवलं तर चालतं असं ऐकलंय, ते खरं का?

मातीचे हात
आधी तलंगा. जखमेवर कातडी धरू दे आणि पिसं इतकी येऊ देत की लाल काही दिसणार नाही. मग दोघींना एकत्रच सोडा, एकटीला नको. त्या रुळल्या की शेवटी तांबडी.

रात्री बसवण्याची पद्धत खूप जण वापरतात. तुमच्या बाबतीत मी ती टाळेन. पहाटे बंद खुराड्यात तांबडीची आणि ठिपकीची गाठ पडली तर तुम्ही झोपेत असाल. तांबडीला दिवसा, तुम्हाला तास-दोन तास तिथे थांबता येईल तेव्हा सोडा. हिरवा पाला ठिकठिकाणी टांगा, म्हणजे चोचींना काम मिळेल. तिने एखाद-दुसरी टोच मारली तर मध्ये पडू नका. पाठलाग सुरू केला की तिला उचला आणि पुन्हा आठवडाभर बाहेर ठेवा. तेवढ्यानेही नाही भागलं तर नाकपुड्यांत अडकवायची झापडं मिळतात, त्याने समोरचं दिसत नाही आणि नेम चुकतो, खाणं-पिणं मात्र चालू राहतं. नाकातून आरपार सुई जाणारा प्रकारही असतो, तो घेऊ नका.

माइटचं काम तांबडी परतायच्या आत उरका. खाली अंथरलेलं तूस सगळं बाहेर काढा, दांडी उपसून खाचा घासा, कोंबड्यांना चालणारं औषध पशुवैद्यांना विचारूनच मारा, आणि आठवड्याने तेच पुन्हा करा. पहिल्या वेळी माइटची अंडी मरत नाहीत, त्यांतून नवे निघतात. नवी दांडी बसवाल ती भिंतीत रोवू नका, काढता येईल अशी आकड्यांवर ठेवा.