मदत हवी आहे: व्हॉट्सअ‍ॅपवरची उडवलेली जुनी संभाषणं परत आली, कायमची कशी घालवू?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. पण तपशील दिला नाही तर पहिल्याच प्रतिसादात तुम्ही तो मागणार, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

फोन अँड्रॉइड, ६४ जीबीचा. दोन महिने झाले, रोज सकाळी 'जागा संपत आली आहे' ही सूचना हजर. सेटिंगमध्ये बघितलं तर एकट्या व्हॉट्सअ‍ॅपनं २१ जीबी अडवलेले. दोष माझाच. नऊ वर्षांत मी तिथला एक मेसेज उडवला नाही. घरचा ग्रुप, ऑफिसचे तीन, शाळेतल्या मैत्रिणींचा, शिवाय एका लग्नात गाड्या कोणी कुठून आणायच्या हे ठरवायला काढलेला एक. त्या जोडप्याचं पोर आता शाळेत जातं, पण ग्रुप आहे तिथेच आहे.

रविवारी पदर खोचून बसले. संभाषणावर बोट दाबून धरायचं, वर कचऱ्याचा डबा येतो तो दाबायचा, असं करत साठेक संभाषणं उडवली. तरी जागा म्हणावी तशी सुटेना, म्हणून अ‍ॅपच काढून टाकलं. मग फाइल मॅनेजरमध्ये व्हॉट्सअ‍ॅप नावाचं फोल्डर दिसलं, तेही उडवलं. अ‍ॅप पुन्हा टाकलं, नंबर दिला, त्यानं 'रिस्टोर' विचारलं, मी हो म्हटलं. तासाभरानं बघते तर साठच्या साठ संभाषणं जागच्या जागी! उलट मागच्या मंगळवारपासून रविवारपर्यंतचे नवे मेसेज मात्र गायब. २१ जीबीचे १३ झालेत, ते कसे हे मला विचारू नका.

आता खरं कारण सांगते. जागा हे निमित्त होतं. मला घालवायचं आहे ते थोरल्या भावाबरोबरचं संभाषण. तीन वर्षांपूर्वी आमचं कडाक्याचं भांडण झालं, आणि तेही सगळं टाइप करून. आता सगळं सुरळीत आहे, रोज बोलणं होतं. पण काही जुनं शोधायला वर सरकवत गेलं की ते चार दिवस वाटेत लागतातच. त्यात माझा एक मेसेज आहे, रात्री १:१२ चा. सात ओळींचा. पहिल्या तीन ओळींत 'तू' आहे, चौथीपासून 'तुम्ही'. दादाला जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलेलं नाही मी. खाली दोन निळ्या खुणा आणि त्याचं उत्तर नाही.

तर:
उडवलेलं परत का आलं?
कायमचं कसं घालवायचं?
त्याच्या फोनवरूनही ते जाईल का? आणि मी उडवलं की त्याला कळेल का?
त्याच संभाषणात आईच्या जुन्या अल्बममधले तीनेकशे फोटो आहेत, दादानं एकेक पान काढून पाठवलेले. ते मला हवेत.

तांत्रिक शब्द जरा बेतानं वापरा.

रिकामा_डबा

फोन फॅक्टरी रिसेट मारा. विषय संपला.

जुनाखोड

@रिकामा_डबा, रिसेट मारून पुन्हा रिस्टोर केलं की पुन्हा तेच येणार. ताईंची अडचण फोनमध्ये नाहीच, बॅकअपमध्ये आहे.

अर्धविराम ताई, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. मंगळवारनंतरचं गेलं आणि त्याआधीचं सगळं आलं. म्हणजे तुमचा गुगल ड्राइव्हवरचा शेवटचा बॅकअप मंगळवारचा. तुम्ही संभाषणं उडवली रविवारी. मंगळवारच्या बॅकअपला रविवारची गोष्ट कुठून ठाऊक असणार? बॅकअप 'वीकली'वर ठेवलेला असेल, बघून घ्या.

एरवी मधले नवे मेसेज तरी जात नाहीत, कारण अ‍ॅप रोज मध्यरात्रीनंतर, दोनच्या सुमाराला, फोनमध्येही एक बॅकअप करून ठेवतं. तो 'डेटाबेसेस' नावाच्या फोल्डरात असतो आणि साधारण मागच्या सात दिवसांच्या फाइली तिथे राहतात. तुम्ही ते फोल्डरच उडवलंत, त्यामुळे अ‍ॅपला फक्त ड्राइव्हवरचा जुना सापडला.

आणि २१ चे १३ झाले ते व्हिडिओंमुळे. ड्राइव्हच्या बॅकअपमध्ये व्हिडिओ घ्यायचे की नाही याचं वेगळं बटण असतं. तुमचं बंद असणार. म्हणजे तुमचे सगळे जुने व्हिडिओ गेले, ८ जीबी. त्यातलं काही हवं होतं का, हे विचारायची माझी हिंमत नाही.

अर्धविराम

अरे देवा. व्हिडिओंचं लक्षातच आलं नव्हतं. काल दिवसभर आठवून बघितलं, हवासा असा एकच आठवला, तो बहिणीकडे आहे. बाकी आठ जीबी काय होतं कोण जाणे. सुप्रभात असणार.

बॅकअप 'वीकली'वरच होता. म्हणजे मी आधी अ‍ॅप काढायलाच नको होतं का?

जुनाखोड

अजिबात नको होतं. जागा करायला अ‍ॅप काढणं म्हणजे कपाट आवरायला घर बदलणं.

क्रम असा ठेवा. आधी हवे ते फोटो बाहेर काढा (याबद्दल खाली कोणीतरी लिहीलच). मग संभाषण उडवा. मग सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन हिरवं 'बॅक अप' बटण हातानं दाबा. ड्राइव्हवर नवा बॅकअप जुन्याच्या जागी बसतो, त्यात तुमचं उडवलेलं नसेल. फोनमधल्या फाइलींत ते अजून आठवडाभर राहील, पण त्या आपोआप एकेक करून जातात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आणि मग मागे फिरता येत नाही. बॅकअपचं बटण दाबण्याआधी एक दिवस जाऊ द्या असं मी सांगेन. राग असो वा लाज, दोन्हीच्या भरात उडवलेलं नंतर हवं होतं.

चांदणी_वेल

फोटोंबद्दल मी लिहिते, मी नुकतंच हे केलंय.

दादांचं संभाषण उघडा, वर त्यांच्या नावावर टिचकी मारा, 'मीडिया, लिंक्स अँड डॉक्स'मध्ये सगळे फोटो एका ठिकाणी दिसतात. आलेले फोटो फोनमध्ये 'व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस' या फोल्डरात असतात. गॅलरीतून ते निवडून दुसऱ्या, स्वतःच्या नावाच्या फोल्डरात हलवा. हलवलेल्याला व्हॉट्सअ‍ॅप हात लावत नाही. निवडताना पहिल्यावर बोट दाबून धरा आणि न उचलता खाली ओढत न्या, एकेक टिकमार्क करत बसू नका. मी पहिले दोनशे एकेक करून केले, मग भाच्यानं दाखवलं.

हलवून झालं की दोन फोटो मोठे करून बघा. खरंच उघडतायत ना? नुसतं धुरकट चौकोनी चित्र आणि मधे खाली बाण असेल तर तो फोटो तुमच्याकडे उतरलेलाच नाही. आधी उतरवून घ्या.

उडवताना 'डिलीट चॅट'ऐवजी 'क्लिअर चॅट' घ्या. नाव यादीत राहतं, आतलं रिकामं होतं. तिथे दोन चौकोन विचारतात: तारांकित मेसेज पण उडवायचे का, आणि फोनमधले फोटो पण उडवायचे का. दुसऱ्यावर खूण केली नाही तर मेसेज जातात आणि जागा एक इंचही सुटत नाही. तुमची रविवारी जागा सुटली नाही ती बहुधा त्यामुळेच.

पावणेदोन

जागेसाठी संभाषणं उडवायची गरजच नसते हो. मजकुराला जागा लागते किती? नऊ वर्षांच्या गप्पा एका व्हिडिओपेक्षा लहान भरतील. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. तिथे '५ एमबीपेक्षा मोठे' आणि 'अनेकदा फॉरवर्ड झालेले' असे दोन ढीग वेगळे काढून दिलेले असतात, खाली कोणत्या संभाषणानं किती जागा खाल्ली त्याची उतरती यादी. माझ्या यादीत पहिला नंबर अशा ग्रुपचा होता जो मी दोन वर्षं म्यूट करून ठेवलाय. उघडत नाही, पण फोटो उतरतच होते. एक पाऊल मागे, 'स्टोरेज अँड डेटा'च्या पानावर 'मीडिया ऑटो डाउनलोड' असतं, ते बंद करून टाका.

अजून एक. तुम्ही दुसऱ्यांना पाठवलेल्या फोटोंची वेगळी प्रत 'सेंट' नावाच्या फोल्डरात साठते. ती गॅलरीत दिसत नाही. फाइल मॅनेजरमधूनच बघावी लागते. माझे तिथे ३ जीबी निघाले.

आणि गॅलरीतून उडवलेलं आधी ट्रॅशमध्ये जातं. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात. ट्रॅश रिकामा केल्याशिवाय 'जागा का सुटत नाही' म्हणून धागा काढू नये.

रिकामा_डबा

दोन्हीकडून उडवायचं असेल तर डिलीट फॉर एव्हरीवन आहे की. फक्त सात मिनिटांत करावं लागतं.

पावणेदोन

सात मिनिटं २०१७ मध्ये होती. पुढे तासाभराची झाली, आणि ऑगस्ट २०२२ पासून दोन दिवसांहून थोडी जास्त, साधारण ६० तास. तीन वर्षांपूर्वीच्या मेसेजला तो पर्यायच दिसणार नाही. दिसला असता तरी दादांच्या बाजूला 'हा मेसेज डिलीट केला' अशी ओळ राहिली असती, आणि ती ओळ मूळ मेसेजपेक्षा जास्त टोचते.

क्लिअर चॅट केलं तर मात्र त्यांना काहीच कळत नाही. त्यांच्या फोनवर सगळं जसंच्या तसं राहतं.

टेलिग्रामवर २०१९ पासून दोघांच्या खासगी संभाषणातलं कितीही जुनं काहीही दोन्हीकडून उडवता येतं. पण तुमचं भांडण तिथे झालेलं नाही. पुढच्या वेळी लक्षात ठेवा :)

मुक्काम_पोस्ट

डिसअपिअरिंग मेसेजेस लावून ठेवा. २४ तास, ७ दिवस, ९० दिवस. आपोआप जातं.

जुनाखोड

लावल्यानंतरच्या मेसेजना लागू होतं ते. आधीचे राहतात. शिवाय ते लावलं की दोघांच्याही खिडकीत तशी सूचना येते. नुकतं सुरळीत झालेलं असताना मधेच 'आता आपले मेसेज ९० दिवसांनी नाहीसे होतील' हे भावाला दिसणं... तुमचं तुम्ही बघा.

तारीखपेतारीख

थोडा वेगळा मुद्दा. भांडण कशावरून होतं हे विचारत नाही. पण त्यात पैसे, घर, जमीन, कागदपत्रं यातलं काही असेल तर नुसतं उडवू नका. संभाषणातल्या तीन टिंबांत 'मोअर'मध्ये 'एक्स्पोर्ट चॅट' आहे. साध्या मजकुराची फाइल तयार होते, ती स्वतःला ईमेल करा. फोटोंशिवाय घेतलं तर शेवटचे ४०,००० मेसेज येतात, फोटोंसकट १०,०००. फोनमधून गेलेलं बरं, पण जगातून गेलेलं बरं असेलच असं नाही.

अर्धविराम

@तारीखपेतारीख, पैसेही नाहीत आणि जमीनही नाही. आईला कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं यावरून होतं. आई ठणठणीत आहे, तिला आमच्या भांडणाचा पत्ताही नाही.

तरी एक्स्पोर्ट घेतला. फाइल उघडून १:१२ शोधलं. नुसत्या अक्षरांत, ना निळ्या खुणा ना काही, तारीख, वेळ, माझं नाव आणि पुढे ते. बराच वेळ बघितलं. मग ती फाइल उडवली. (ट्रॅश रिकामा केला, @पावणेदोन.)

फोटो हलवले. ३१२ निघाले. त्यातले ९ धुरकट होते, चांदणी_वेल, तुम्ही सांगितलं नसतं तर बसले असते. दादाला फोन करून तेवढे परत मागवले.

चांदणी_वेल

आणि क्लिअर? केलंत का?

अर्धविराम

केलं. काल सकाळी. जुनाखोड यांनी सांगितलं तसा मधे एक दिवस जाऊ दिला, मग आज बॅकअपचं बटण दाबलं. संभाषण उघडलं की आता मधोमध फक्त ती एन्क्रिप्शनची पिवळी पट्टी. मॅनेज स्टोरेजमधून बाकीचंही काढलं, १३ चे ४ जीबी झाले. गाड्यांचा ग्रुपही सोडला.

पण पुढचं ऐका. ते ९ फोटो मागायला फोन केला तेव्हा दादानं विचारलं, कशाला हवेत? मी सांगितलं, फोन भरलाय, साफसफाई चाललीय. भांडणाचं काही बोलले नाही. तो म्हणाला, माझाही भरलाय, मला पण सांग कसं करायचं. मी क्लिअर चॅट सांगितलं. दोन चौकोनांबद्दलही सांगितलं. खूण कर कधी आणि करू नको कधी, सगळं.

आज दुपारी त्याचा मेसेज. रिकाम्या खिडकीतला पहिलाच. 'अगं, दोन्हीवर खूण केली मी. आईचे फोटो गेले. अल्बम मामाकडे देऊन बसलोय. तुझ्याकडे आहेत ना?'

तर आता शेवटचा प्रश्न. नवा धागा काढत नाही, इथेच विचारते: ३१२ फोटो एकदम कसे पाठवू? आणि ते अजून धूसर होऊ नयेत यासाठी काय करायचं?

पावणेदोन

एका वेळी १०० फोटो निवडता येतात, तर चार खेपा होतील. पण फोटो म्हणून नका पाठवू, पुन्हा दाबून लहान केले जातील. खालच्या क्लिपच्या खुणेवरून 'डॉक्युमेंट' निवडा आणि तसे पाठवा, आहेत तसे जातात. किंवा फोल्डरची झिप (सगळे फोटो बांधून एकच फाइल) करा, २ जीबीपर्यंतची एक फाइल जाते.

दादांना झिप उघडता येते का ते आधी विचारा.

अर्धविराम

नाही येत. विचारलं. चार खेपा करते.