मदत हवी आहे: ट्रान्सलोकेशन कॅरियर आणि प्रेग्नन्सी

नमस्कार, थोडं सविस्तर लिहिते. माझ्या भाच्याला डाऊन सिंड्रोम आहे. बहुतेक मुलांमध्ये २१ नंबरचं क्रोमोसोम सुटं तिसरं असतं, पण याच्यात ते १४ नंबरला चिकटलेलंय, म्हणून डॉक्टरांनी ताईचं पण कॅरियोटाइप (रक्तातून सगळे क्रोमोसोम मोजून बघायची टेस्ट) करायला सांगितलं. रिपोर्टच्या फोटोत सगळ्या जोड्या लावलेल्या, फक्त २१ च्या जागी एकच आणि १४ मधलं एक जरा लांब. म्हणजे ताईची क्रोमोसोम्स ४६ ऐवजी ४५, तरी ती एकदम ठणठणीत, कारण आवश्यक भाग सगळा आहे, फक्त जागा बदललीय (यालाच ट्रान्सलोकेशन कॅरियर म्हणतात). मग आईची टेस्ट केली तर तिच्यातही तेच, म्हणजे मला असण्याची शक्यता जवळपास निम्मी.

आम्ही आता चान्स घेतोय. सासूबाई म्हणतात उगाच कशाला शोधायचं, पण मला आधी कळलेलं हवंय. बाळाची आई कॅरियर असेल तर बाळाला डाऊनचा धोका साधारण १० ते १५ टक्के असतो म्हणतात, शिवाय मिसकॅरेजही होऊ शकतं.

कोणी यातून गेलंय का? सीव्हीएस (वारेचा नमुना घेऊन तपासणी) ११-१३ आठवड्यात होते, अ‍ॅम्नियो (गर्भजलाची तपासणी) १५ नंतर, तुम्ही काय निवडलं आणि का? की आयव्हीएफ करून आधीच गर्भ तपासून घेतला? पुणे किंवा नाशिकमध्ये नीट वेळ देऊन मराठीत समजावणारे जेनेटिक काउन्सेलर माहीत असतील तर प्लीज सांगा, खर्चाचाही अंदाज द्या. आणि भाचा आमचा जीव की प्राण आहे, त्यामुळे "असं मूल नको" टाइपचे सल्ले कृपया देऊ नका.