मदत हवी आहे: रिकरंट लॅरिंजिअल आणि व्हेगस नसेच्या इजेत व्होकल कॉर्ड्सची पोझिशन

अ‍ॅनेस्थेशिया पहिलं वर्ष, एअरवेची व्हायवा तोंडावर आलीये आणि मी लॅरिंक्सच्या (स्वरयंत्राच्या) नसांवर अडकलोय. सप्लाय पाठ आहे: क्रिकोथायरॉइडला (कॉर्ड ताणणारा मसल) सुपीरिअर लॅरिंजिअलची एक्स्टर्नल ब्रँच, बाकी सगळे इंट्रिन्सिक मसल्स रिकरंटकडे, कॉर्डच्या वर सेन्सेशन इंटर्नल ब्रँचचं, खाली रिकरंटचं. पोस्टिरिअर क्रिकोअ‍ॅरिटेनॉइड हा एकटाच अ‍ॅबडक्टर (कॉर्ड उघडणारा), हेही माहितीये. घोळ पुढे होतो. दोन्ही रिकरंट अचानक गेल्या तर कॉर्ड्स मधे येऊन स्ट्रायडर (श्वास घेताना आवाज), पण दोन्ही व्हेगस (ज्यांच्यापासून सुपीरिअर आणि रिकरंट दोन्ही निघतात) वरूनच गेल्या तर कॉर्ड्स अर्धवट उघड्या राहतात, म्हणजे जास्त नसा गेल्या तर श्वासाला जागा जास्त?? पुस्तकात एका ओळीत उत्तर आहे की रिकरंटच्या इजेत क्रिकोथायरॉइड शाबूत असतो म्हणून. मी दोन पेन्सिलींना रबरबँड लावून ताणून पण बघितला (रूममेट हसत होता), तो लांब होतो, बारीक होतो, पण मधे का सरकावा ते काही दिसलं नाही. सेमनचा नियम (हळूहळू होणाऱ्या इजेत अ‍ॅबडक्टर आधी निकामी होतो) सांगू नका, तो वाचलाय आणि त्याने माझं समाधान झालं नाही. व्हिडिओही दोन-तीन बघून झाले, सगळे सप्लायवरच थांबतात.

तर क्रिकोथायरॉइडच्या नुसत्या ताणाने कॉर्ड मिडलाइनकडे नेमकी कशी येते, अ‍ॅरिटेनॉइडचं (कॉर्ड मागे ज्याला जोडलेली असते त्या कूर्चेचं) त्या वेळी काय होतं?