‘डॉवर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : मध्ययुगीन इंग्लंडविषयीच्या एका लेखाचे भाषांतर करताना ‘डॉवर’ या शब्दापाशी मी अडलो आहे. विधवेला मिळणाऱ्या या जमिनीला ‘हुंडा’ म्हणावे की ‘स्त्रीधन’?

उत्तर : हुंडा तर नकोच. तो माहेराहून येतो आणि त्यासाठी इंग्रजीत ‘डाउरी’ हा वेगळा शब्द आहे; दोन्ही शब्दांचे लॅटिन मूळ एकच असल्यामुळे घोटाळा होतो. स्त्रीधनावर स्त्रीची स्वतःची मालकी असते, डॉवर मात्र केवळ तिच्या हयातीपुरता असतो. मॅग्ना कार्टा या इंग्लंडच्या राजाने मान्य केलेल्या हक्कांच्या जाहीरनाम्याच्या १२१७ च्या आवृत्तीत पतीच्या जमिनीचा तिसरा हिस्सा असे त्याचे प्रमाण नोंदवलेले आहे. त्याचे उत्पन्न विधवेने घ्यायचे आणि तिच्या पश्चात ती जमीन पतीच्या वारसाकडे जायची. हा हिस्सा ठरवून मिळेपर्यंत चाळीस दिवस तिला पतीच्या घरात राहता येई, आणि या मुदतीलाही इंग्रजी कायद्यात ‘क्वारंटाइन’च म्हणत. आपल्याकडील ‘चोळीबांगडी’ची, म्हणजे स्त्रीच्या खर्चासाठी लावून दिलेल्या उत्पन्नाची, नेमणूक आठवते खरी, पण विधवेच्या हक्काला बांगडीचे नाव देणे विपरीतच दिसेल. मी ‘विधवेचा हयाती हिस्सा’ असे लिहीन.

प्रश्न : आभारी आहे. परंतु माझ्या मजकुरात राजाने एका सरदाराला जमीन देताना तिच्यातील डॉवरचाही उल्लेख केला आहे. मग डॉवर हेही राजाने दिलेले इनामच झाले ना?

उत्तर : नाही, आणि येथेच शब्द जपून वापरावा लागेल. थेट राजाकडून जमीन धारण करणारा मनुष्य निर्वारस मेला, तर ती जमीन राजाकडे परत येई आणि राजा ती दुसऱ्याला देऊ शके. पण विधवेचा तिसरा हिस्सा तिच्या हयातीत नव्या धारकाच्या हाती पडत नसे. म्हणून सनदेत दोन भाग तत्काळ आणि तिसरा ‘तिच्या मृत्यूनंतर’ अशी तजवीज केली जाई. ‘इनाम’ हा शब्द त्या सरदाराच्या बाबतीत चालेल, विधवेच्या बाबतीत नाही. तिचा हक्क विवाहातून आलेला होता, राजाच्या मेहेरबानीतून नव्हे. अर्थात राजाची पकड तिच्यावरही होतीच, कारण राजाच्या संमतीवाचून पुनर्विवाह करणार नाही अशी हमी तिला द्यावी लागे. पती राजद्रोही ठरून जमीन जप्त झाली असेल, तर मात्र हा हिस्साही सहसा बुडत असे. तेव्हा आपल्या सनदेतील जमीन निर्वारस होती की जप्त, हे आधी पाहावे.